कर्कश कंठाचा आस्वाद : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

डेथ मेटलचा वेग, जड गिटार आणि घशातून काढलेला खरखरीत आवाज एकीकडे. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या लांब रचना, विषम मात्रांचे ठेके, जॅझची वळणे आणि शांत, सुरेल गायन दुसरीकडे. या दोन प्रवाहांच्या मिलाफातून प्रोग्रेसिव्ह डेथ मेटल घडले. डेथ मेटलला १९८०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेत आकार आला. कॅलिफोर्नियातील पझेस्ड या बँडचा ‘सेव्हन चर्चेस’ (१९८५) आणि फ्लोरिडातील डेथ या बँडचा ‘स्क्रीम ब्लडी गोर’ (१९८७) हे त्याचे आरंभीचे टप्पे. पुढे चारच वर्षांत डेथच्या ‘ह्यूमन’ने आणि एथीइस्टच्या ‘अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स’ने (दोन्ही १९९१) या संगीतात गुंतागुंतीची लय आणि जॅझचे संस्कार आणले. सिनिकच्या ‘फोकस’मध्ये (१९९३) खरखरीत आवाजाशेजारी व्होकोडर या यंत्रातून काढलेला तरल आवाज ऐकू आला. स्वीडनच्या एज ऑफ सॅनिटीने चाळीस मिनिटांच्या एकाच गाण्याचा ‘क्रिम्झन’ (१९९६) हा अल्बम केला. स्टॉकहोमच्या ओपेथने ‘ऑर्किड’पासून (१९९५) ‘ब्लॅकवॉटर पार्क’पर्यंत (२००१) दोन्ही तऱ्हांचे गायन मिकाएल ओकरफेल्ट या एकाच गायकाच्या कंठातून सिद्ध केले.

या संगीताकडे वळणाऱ्या पुष्कळ श्रोत्यांची अडचण एकच असते. वाद्यमेळ आवडतो, रचना आवडते, सुरेल भाग तर फारच आवडतो. पण ग्राउल, म्हणजे तो गुरगुरणारा आवाज, सुरू झाला की मन उठून जाते. ही अडचण खरी आहे आणि तिच्यामागे तर्कही आहे. म्हणून शास्त्रग्रंथांच्या जुन्या रीतीने येथे आधी पूर्वपक्ष आणि मग उत्तरपक्ष मांडला आहे. पूर्वपक्ष सुरेल गायनावर वाढलेल्या श्रोत्याचा आहे. उत्तरपक्ष ग्राउलची गोडी लागलेल्या श्रोत्याचा.

१. हे गाणे आहे का?

पूर्वपक्ष : गायनाचा प्राण सूर. षड्ज ठरतो, बाकीचे स्वर त्याच्याशी नाते जोडतात आणि त्या नात्यातून भाव उमटतो. ग्राउलमध्ये ठरलेला स्वरच नाही. म्हणजे गायकाने आपले मुख्य साधन आपणच टाकून दिले. मागे गिटार इतकी सुरेल वाजत असताना पुढे हा आवाज कशासाठी?

उत्तरपक्ष : संगीतशास्त्र नादाचे तीन गुण सांगते : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. सतार आणि बासरी एकाच षड्जावर लागल्या तरी कान त्यांना वेगळे ओळखतो, तो जातीमुळे. ग्राउल पहिला गुण जवळजवळ सोडतो आणि तिसऱ्यावर सारा भार टाकतो. आवाज जाड आहे की चिरका, छातीत दाबलेला आहे की पुढे फेकलेला, अक्षराच्या शेवटी तुटतो की रेंगाळतो, हे सगळे गायकाच्या हातात असते. जीभ, ओठ आणि जबडा यांची ठेवण बदलली की ठरलेला स्वर नसतानाही आवाज चढल्याचा किंवा उतरल्याचा भास होतो. सूर बाजूला झाला की लय उघडी पडते. अक्षर ड्रमच्या ठोक्यावर पडते की त्याच्या किंचित मागे, हे ग्राउलमध्ये जितके स्पष्ट कळते तितके सुरेल गाण्यात कळत नाही.

पूर्वपक्ष : मग त्याला गायन न म्हणता वाद्य म्हणावे.

उत्तरपक्ष : अर्धे तसेच आहे. फरक एवढाच की या वाद्याला शब्द बोलता येतात.

२. आवाज कसा निघतो?

पूर्वपक्ष : घसा फाडून ओरडण्यात कौशल्य कोणते? वर्षानुवर्षांच्या रियाजाने आवाज कमवावा लागतो. ओरडणे तर लहान मुलालाही येते. शिवाय त्यात कंठाची हानी होते.

उत्तरपक्ष : नवशिक्याने जोर लावून ओरडले तर हानी होते, हे खरे. परंतु तयार गायक ओरडत नाही. स्वरयंत्रात खऱ्या स्वरतंतूंच्या वर जाड घड्यांची आणखी एक जोडी असते. तिला आभासी स्वरतंतू म्हणतात. बोलताना किंवा गाताना ती बहुधा स्वस्थ असते. ग्राउलच्या एका प्रमुख पद्धतीत श्वासाच्या नियंत्रित दाबाने हीच जोडी कंप पावते. तिची कंपने अनियमित असल्याने आवाजाला खरखर येते. दुसऱ्या पद्धतीत खऱ्या स्वरतंतूंचीच सैल, तडतडती कंपने वापरतात. त्यातून अधिक उंच आणि कोरडी किंकाळी निघते. दोन्हींत भार पेलायचा तो श्वासाने, घशाने नव्हे. कसलेल्या गायकाचा ग्राउल प्रत्यक्षात वाटतो तितका मोठाही नसतो. त्याचा पसारा मायक्रोफोन आणि ध्वनियंत्रणा उभा करतात.

आभासी स्वरतंतूंचा उपयोग मेटलच्या गायकांनी नव्याने शोधलेला नाही. रशियातील तुवा प्रदेशाच्या कार्गिरा गायनात ही जोडी खऱ्या स्वरतंतूंच्या निम्म्या कंपनसंख्येने हलते, म्हणून मूळ स्वराच्या एक सप्तक खालचा नाद ऐकू येतो. सार्डिनिया बेटावरच्या चार पुरुषांच्या समूहगायनात सर्वांत खालचा आवाजही असाच घशातून काढलेला असतो. तुवाच्या गायनात या कंपनांना नियमित ठेवून स्वर साधला जातो. ग्राउलमध्ये ती मुद्दाम अनियमित ठेवली जातात. ग्राउलचे रीतसर शिक्षणही आहे. न्यूयॉर्कच्या गायनशिक्षिका मेलिसा क्रॉस यांची ‘द झेन ऑफ स्क्रीमिंग’ ही शिक्षणपर डीव्हीडी २००५ मध्ये आली. जर्मनीच्या अँजेला गॉसो २००० मध्ये आर्च एनिमी या स्वीडिश बँडच्या गायिका झाल्या. हा आवाज पुरुषी देहाचीच मिरासदारी आहे, हा समज त्यांच्या गायनाने मोडला. केवळ ऐकून ती गायिका आहे की गायक, हे श्रोत्याला सांगता येईना.

पूर्वपक्ष : कौशल्य आहे, हे मान्य. पण कौशल्य असले म्हणजे सौंदर्य आलेच, असे नाही.

उत्तरपक्ष : तेही मान्य. कौशल्याने एवढेच सिद्ध होते की हा आवाज कोणाच्या हातून चुकून निघालेला नाही, तो निवडलेला आहे. निवडलेल्या गोष्टीचे कारण शोधणे हे श्रोत्याचे काम.

३. शब्द कळत नाहीत

पूर्वपक्ष : गाण्यातले शब्द कळले नाहीत तर अर्थ कळणार कसा? ओपेथच्या ‘स्टिल लाइफ’मध्ये (१९९९) तर सलग कथा आहे. गावाने बहिष्कृत केलेला माणूस मेलिंडा या आपल्या प्रेयसीसाठी परत येतो. ही कथा ज्या आवाजात सांगितली, त्याच आवाजाने ती झाकली गेली.

उत्तरपक्ष : ख्यालातली बंदीशही पहिल्या ऐकण्यात अक्षरशः कळते असे नाही. बोल ताणले जातात, आलापात विरतात, तानेत तुटतात. तराण्याला तर शब्दार्थाची गरजच नसते. तरी श्रोता भाव समजला असे म्हणतो, आणि ते खोटे नसते.

पूर्वपक्ष : ख्यालात शब्द हरवले तरी सूर हाती राहतो. येथे शब्दही गेले आणि सूरही गेला. मग हाती राहिले काय?

उत्तरपक्ष : हा आक्षेप वजनदार आहे. त्याचे उत्तर दोन भागांत आहे. पहिला भाग सरावाचा. ऑस्ट्रेलियाच्या मॅक्वॉरी विद्यापीठातील संशोधकांनी डेथ मेटलमधील शब्द कितपत ओळखता येतात याचा अभ्यास केला. तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. या संगीताचे चाहते इतरांपेक्षा अधिक शब्द अचूक ओळखतात, असे त्यात आढळले. म्हणजे शब्द आवाजात नसतात असे नाही. ते वेचायला कान तयार व्हावा लागतो. ग्राउलमध्ये स्वर एकमेकांत मिसळल्यासारखे वाटतात, पण व्यंजने टिकतात. कान व्यंजनांवर ठेवला की ओळ उलगडू लागते. दुसरा भाग रचनेचा. चांगला रचनाकार सूर गमावत नाही, तो वाद्यांकडे सोपवतो. ओपेथच्या गाण्यांत ग्राउल चालू असतानाही गिटारींची धून चालूच असते. ती धून ऐकत राहिले तर हाती काय राहिले, हा प्रश्न सुटतो. गीताचे शब्द आधी वाचून मग ऐकणे ही यातली प्रामाणिक वाट आहे. तिच्यात कमीपणा नाही.

४. भीती, क्रोध आणि बीभत्स

पूर्वपक्ष : हा आवाज ऐकताच शरीर सावध होते, छाती धडधडते. संगीताने मन निवावे, येथे ते बिथरते. त्यात डेथ मेटलचे पुष्कळ विषय प्रेत, रक्त आणि हिंसा यांचे. असल्या आवाजाची गोडी लागणे म्हणजे मन बधिर होणे नव्हे काय?

उत्तरपक्ष : शरीर सावध होते हे निरीक्षण बिनचूक आहे. किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा वरखाली होते. साध्या बोलण्यात हा चढउतार फार संथ असतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार नेमकी हीच खरखर मेंदूतील अमिग्डाला या भीतीशी निगडित भागाला जागे करते. ग्राउल त्याच दारावर थाप मारतो. म्हणून पहिल्या भेटीत तो नकोसा वाटणे हे अरसिकपणाचे लक्षण नाही. कान आपले काम चोख करतो आहे, एवढाच त्याचा अर्थ.

परंतु भय आणि क्रोध यांना कलेत स्थान नाही, हे मत आपल्या परंपरेलाही मान्य नाही. भरताच्या नाट्यशास्त्रातील आठ रसांत रौद्र, भयानक आणि बीभत्स हे तीनही आहेत. रंगभूमीवरचा क्रोध हा प्रेक्षकाला धोका नसतो. धोका नाही हे माहीत असल्यानेच त्याचा आस्वाद घेता येतो. ग्राउलचा जाणता श्रोता हेच अनुभवतो. मॅक्वॉरी विद्यापीठातच विल्यम फोर्ड थॉम्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात डेथ मेटलच्या चाहत्यांनी हे संगीत ऐकताना आनंद, सामर्थ्य आणि शांतता वाटते असे सांगितले. चाहते नसलेल्यांना त्याच गाण्यांनी ताण, भीती आणि राग आला. बधिरपणाचीही तपासणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हिंसक चित्रांकडे मन किती वेधले जाते हे पाहिले गेले, आणि चाहते व इतर यांच्या संवेदनशीलतेत फरक दिसला नाही.

मुंबईच्या डेमॉनिक रिझरेक्शन या बँडचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे वाटेल. साहिल मखीजा यांनी २००० मध्ये तो स्थापन केला. त्यांच्या ‘दशावतार’ (२०१७) या अल्बमचा विषय विष्णूचे दहा अवतार हा आहे. त्यात ग्राउल आणि सुरेल गायन दोन्ही येतात. खांबातून प्रकटणाऱ्या नरसिंहाला मधुर आवाजच शोभेल, असा आग्रह कोण धरील?

पूर्वपक्ष : रस मानला तरी विषयाचे काय? स्त्रीवर किंवा दुबळ्यावर होणाऱ्या अत्याचाराचे चवीने केलेले वर्णन रौद्र रसाच्या नावाखाली खपवता येणार नाही.

उत्तरपक्ष : येऊच नये. तसे शब्द दोषी आहेत, आणि ते कोणत्याही आवाजात गायले तरी दोषीच राहतील. परंतु आवाज आणि विषय यांचा निवाडा वेगवेगळा करावा लागतो. प्रोग्रेसिव्ह शाखेत विषयही बदलले. सिनिकच्या ‘फोकस’चे पहिले गाणे ‘वेल ऑफ माया’, म्हणजे मायेचा पडदा, या नावाचे आहे, आणि डेथचा जनक चक शुल्डिनर याने ‘स्क्रीम ब्लडी गोर’मधील रक्तपात मागे टाकून डेथच्या ‘सिम्बॉलिक’पर्यंत (१९९५) येताना माणसाच्या स्मृती, विवेक आणि दांभिकपणा यांवर लिहिले.

५. गरज काय?

पूर्वपक्ष : सर्वांत मोठा पुरावा कलावंतांनीच दिला आहे. डेथचा जनक शुल्डिनर याने कंट्रोल डिनाइड हा दुसरा बँड काढला, गायन टिम एमार या सुरेल गायकाकडे सोपवले आणि १९९९ मध्ये अल्बम केला. सिनिकने ‘ट्रेस्ड इन एअर’मध्ये (२००८) ग्राउल अगदी मागे ठेवला आणि २०१४च्या अल्बममध्ये तो वगळला. ओपेथने ‘डॅम्नेशन’ (२००३) हा संपूर्ण सुरेल अल्बम केला; पुढे ‘हेरिटेज’पासून (२०११) ‘इन कॉडा वेनेनम’पर्यंत (२०१९) सलग चार अल्बम ग्राउलशिवाय केले. प्रगल्भता आली की कलावंत हा आवाज सोडतो, हाच याचा अर्थ.

उत्तरपक्ष : त्याच ओपेथने २०२४ मध्ये ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’मध्ये ग्राउल परत आणला. शेवटचा ग्राउल ‘वॉटरशेड’मध्ये (२००८) होता, म्हणजे सोळा वर्षांनी. नव्या अल्बमचा विषय एका कुटुंबप्रमुखाच्या मृत्युपत्राचे वाचन हा आहे. पहिल्या सात गाण्यांना नावेच नाहीत, कलमांचे क्रमांक आहेत. जेथ्रो टल या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडचे इयन अँडरसन त्यात निवेदन करतात आणि बासरीही वाजवतात. शेवटचे गाणे मात्र नाव असलेले आणि शांत आहे. प्रगल्भ कलावंताने विषयाची गरज ओळखून हा आवाज पुन्हा हाती घेतला. मधल्या काळातही मैफलींत जुनी गाणी ग्राउलसह होत राहिली. २०१९ मध्ये पुण्याच्या एनएच ७ वीकेंडर महोत्सवात हा बँड आला, तेव्हा तो सुरेल अल्बमांच्याच कालखंडात होता.

‘डॅम्नेशन’चा दाखलाही पुरता पाहावा. तो एकटा जन्मला नाही. ‘डिलिव्हरन्स’ (२००२) या ओपेथच्या अत्यंत जड अल्बमसोबतच त्याचे काम झाले आणि काही महिन्यांच्या अंतराने दोन्ही प्रसिद्ध झाले. एकाच मनाच्या या दोन बाजू आहेत. ‘ब्लॅकवॉटर पार्क’मधील ‘द ड्रेपरी फॉल्स’ हे सुमारे अकरा मिनिटांचे गाणे घ्यावे. सुरुवातीला गायन सुरेल आणि दुःखी आहे. मध्यावर ग्राउल येतो, ठेके तुटतात, गिटारी आवळत जातात. अखेरीस आरंभीची धून परतते. धून तीच, पण आता ती वेगळी ऐकू येते, कारण मधली पडझड श्रोत्याने सोसलेली असते. मधला भाग सुरेल केला तर शेवट ही नुसती पुनरावृत्ती होईल.

पूर्वपक्ष : म्हणजे ग्राउलचे मोल विरोधात आहे. मग जेथे सुरेल भागच नाही, पाऊण तास एकाच तऱ्हेचे गुरगुरणे आहे, तेथे काय?

उत्तरपक्ष : तेथे आक्षेप बहुतांशी टिकतो. विरोध केवळ सुरेल गायनातूनच येतो असे नाही. आवाजाच्या उंच आणि खालच्या पट्ट्या, विराम, ठेक्यातले बदल यांतूनही तो येऊ शकतो. परंतु यातले काहीच नसेल तर ते गायन कंटाळवाणे आहे, आणि तसे म्हणायला चाहत्यानेही कचरू नये.

६. सवय की समज?

पूर्वपक्ष : कोणतीही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली की आवडू लागते, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्येच दाखवले. ग्राउलची गोडी ही अशी नुसती सवय असेल तर तिला रसिकता म्हणता येणार नाही.

उत्तरपक्ष : सवयीचे काम पहिल्या पायरीपुरते. ती शरीराची धास्ती घालवते. त्यापुढे खरी कसोटी निवडीची असते. श्रोता चांगला आणि वाईट ग्राउल वेगळा करू लागला, की समज आली असे म्हणावे. ओकरफेल्टचा ग्राउल खोल आणि भरीव असूनही शब्द राखतो. शुल्डिनरचा आवाज ‘सिम्बॉलिक’मध्ये अधिक उंच आणि धारदार आहे, शब्दही पुष्कळ स्पष्ट आहेत. ऑस्ट्रेलियाच्या नी ऑब्लिव्हिस्करिस या बँडने दोन आवाज दोन व्यक्तींना वाटून दिले. एक ग्राउल करतो, दुसरा सुरेल गातो आणि व्हायोलिनही वाजवतो. तेथे एकाच मनातल्या झगड्याऐवजी दोघांचा संवाद उभा राहतो. हे फरक ज्याला ऐकू येतात त्याचे आवडणे डोळस आहे, आणि न आवडणेही डोळस आहे.

७. ऐकण्याचा क्रम

दोन्ही पक्षांना मान्य होईल असा क्रम आखता येतो. आरंभ ‘डॅम्नेशन’ने किंवा ‘ब्लॅकवॉटर पार्क’मधील ‘हार्वेस्ट’ने करावा, दोन्हींत ग्राउल नाही आणि रचनाकाराची सुरांची जाण ओळखीची होते. मग ‘द ड्रेपरी फॉल्स’ घ्यावे आणि ग्राउलच्या भागात लक्ष आवाजावर न ठेवता ड्रमवर ठेवावे. आवाज ठेक्याशी कसा बांधलेला आहे हे दोन-तीन वेळा ऐकल्यावर लक्षात येते. त्यानंतर त्याच अल्बममधील ‘ब्लीक’ ऐकावे. त्यात ग्राउलच्या मधोमध पोर्क्युपाइन ट्री या बँडचे स्टीव्हन विल्सन सुरेल गातात, त्यामुळे दोन आवाजांची कामे वेगळी दिसतात. मग ‘स्टिल लाइफ’ शब्द समोर ठेवून, कथा म्हणून ऐकावे. कान सरावला की ‘सिम्बॉलिक’ आणि अखेरीस ‘क्रिम्झन’कडे जावे. आवाज मध्यम ठेवावा. मोठ्या आवाजात कान थकतो आणि थकलेला कान बारकावे टिपत नाही. एखादे गाणे नकोसे झाले तर ते थांबवून पुन्हा केव्हातरी ऐकावे.

८. निर्णय

पूर्वपक्षाच्या तीन गोष्टी टिकतात. ग्राउलमध्ये सुराचा त्याग आहे आणि तो त्याग मोठा आहे. एकसुरी ग्राउल रचनेला मारक ठरतो. हिंसेची चटक लावणारे शब्द आवाजाच्या आड लपून निर्दोष ठरत नाहीत. उत्तरपक्षाच्याही तीन गोष्टी टिकतात. हा आवाज शिकून, श्वासावर ताबा मिळवून काढला जातो. त्यात लय, नादाची जात आणि शब्द ऐकण्याजोगे असतात, आणि सरावाने ते ऐकू येतात. योग्य जागी तो असे काही सांगतो, जे सुरेल कंठाला सांगता येत नाही.

म्हणून ग्राउल आवडलाच पाहिजे असे नाही. पण तो गायन नव्हे, हे मत टिकत नाही. ज्या श्रोत्याने हे संगीत क्रमाने, शब्द वाचून आणि रचनेकडे लक्ष देऊन ऐकले, त्याचा नकारही आदराने ऐकावा. ज्याने पहिल्या गुरगुरीलाच कान फिरवला, त्याने निकाल देण्याआधी ‘द ड्रेपरी फॉल्स’ एकदा शेवटपर्यंत ऐकावे.